गल्ल्यामागे कोण बसणार? धारूरचे सीताफळ, बाबासाहेबांची पेढी आणि आपल्या दुकानाचा इतिहास

दसरा जवळ आला की धारूरच्या घाटात रस्त्याच्या कडेला सीताफळाच्या पाट्या दिसू लागतात. बालाघाटच्या खडकाळ उतारावरची ही झाडे बहुतेक कुणी लावलेली नाहीत, त्यांना कुणी पाणी घातलेले नाही. ती डोंगराने वाढवली. या फळाची ख्याती एवढी की २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. पण पहाटे डोंगर चढून काट्याकुट्यातून फळ उतरवणारी बाई कोण असते? तिची पाटी भावात पाडून घेणारा कोण असतो? आणि तेच फळ खोक्यात भरून शहरात विकणारा कोण असतो? धारूर तालुक्यात राहणाऱ्या कुणालाही ही उत्तरे सांगावी लागत नाहीत. त्यातही फळ पिकण्याचा हंगाम आणि ऊसतोडीला जाण्याचा हंगाम एकमेकांना खेटून येतात. झाडावर माल असतो आणि मुकादमाची गाडी दारात उभी असते. उचल घेतलेली असते, म्हणून कोयता उचलावा लागतो. सीताफळ मागे राहते.

मागच्या हंगामात आपल्याच वस्तीतली तीन-चार शिकलेली मुले आमच्याकडे आली. त्यांना दुकान टाकायचे होते. शहरातून आणलेल्या पुड्यांचे दुकान त्यांच्या मनात नव्हते. आपल्या भागात पिकलेले विकायचे होते : ज्वारी, बाजरी, तूर, मूग, जवस, करडईचे तेल, हंगामात सीताफळ. हिशेब त्यांनी नीट मांडला होता. भाडे किती, काटा कितीचा, माल कुठून, सगळे वहीत होते. अडले होते एकाच गोष्टीवर. त्यांच्यातला एक म्हणाला, "पाटीवर काय लिहायचं? जयभीम किराणा लिहू, की नुसतं बालाघाट किराणा?"

हा प्रश्न ऐकून कुणाला हसू येईल. आम्हाला आले नाही. या एका प्रश्नात शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो इतिहास या मुलांना कुणी सांगितलेला नाही, म्हणून तो इथे मांडतो आहोत.

धान्य आपल्या घरी यायचे, पण विकायला नाही

गावगाड्यात आपल्या पूर्वजांचा धान्याशी संबंध कमी नव्हता. पेरणी, खुरपणी, काढणी, मळणी, सगळीकडे आपलेच हात होते. खळ्यावर रास पडली की महाराला, मांगाला, चांभाराला बलुते मिळे. म्हणजे धान्य घरात येत होते. पण कसे येत होते? वर्षभर वेठबिगार केल्याबद्दल, पाटलाच्या मर्जीने, मापाच्या खालचे, राशीच्या बुडाचे. ते मागून आणायचे असे. ज्याला हक्क म्हटले जाई, तो हात पसरून घ्यायचा हक्क होता.

बलुत्यात एक गोष्ट कधीच नव्हती, ती म्हणजे भाव. जिथे भाव ठरतो तिथे दोन माणसे समोरासमोर उभी राहतात. एक म्हणतो एवढे दे, दुसरा म्हणतो एवढेच देतो. सौदा फसला तर दोघेही आपापल्या वाटेने जातात. बलुत्यात ही मोकळीक नव्हती. महाराने खळ्यावर भाव करायचा नव्हता, नकार द्यायचा नव्हता, आणि मिळालेले धान्य बाजारात मांडून बसण्याचा तर प्रश्नच नव्हता. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे मंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे हीच दृष्टी होती. कामाचा मोबदला ठरलेला असावा, तो गावाच्या दयेवर असू नये. आपल्याकडे फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब तिथे आले, तेव्हाही मुद्दा वतनाच्या बेडीचाच होता.

दुसरी बाजू अन्नाच्या विटाळाची. आमच्या हाताने खुडलेली ज्वारी सवर्णाच्या कणगीत जाताना बाटत नव्हती. आमच्या डोक्यावरून वाहिलेली पेंढी बाटत नव्हती. मग विटाळ नेमका कधी सुरू होई? तेच धान्य आमच्या मालकीचे झाले आणि आम्ही ते विकायला बसलो की. आमच्या कष्टाला विटाळ नव्हता, आमच्या मालकीला होता. दूध, तूप, भाजी, पाणी, चहा या साऱ्या वस्तूंबाबत हेच दिसते. १९३६ साली लिहिलेल्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या ग्रंथात बाबासाहेब जयपूर संस्थानातल्या चकवारा गावाची घटना नोंदवतात. तिथे एका अस्पृश्याने तीर्थयात्रेहून आल्यावर गावजेवण दिले आणि त्यात तूप वाढले. एवढ्यासाठी जेवणाऱ्यांवर हल्ला झाला. तूप त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतले होते आणि स्वतःच्याच ताटात वाढले होते. तरीही ते सहन झाले नाही.

बाबासाहेबांनीही पेढी उघडली होती

आपल्या तरुणांना बाबासाहेब प्राध्यापक म्हणून माहीत असतात, बॅरिस्टर म्हणून, मंत्री म्हणून माहीत असतात. पण बडोद्याची नोकरी जातीयतेमुळे सोडून ते मुंबईत परतले, तेव्हा पोट भरण्यासाठी त्यांनी एक व्यवसाय करून पाहिला होता. शेअर आणि रोखे यांच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी त्यांनी काढली. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस सल्ला देत होता, तेव्हा गिऱ्हाईक येणारच. सुरुवातीला आलेही. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर ते येईनासे झाले आणि पेढी बंद करावी लागली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली ती त्यानंतर.

या घटनेकडे नीट पाहा. इथे विकायला तूप नव्हते, भाजी नव्हती, स्पर्श होईल असे काहीच नव्हते. फक्त ज्ञान होते, तेही त्या काळी मुंबईत दुर्मिळ असलेले. शिकलेल्या, शहरातल्या, नफा-तोटा समजणाऱ्या गिऱ्हाइकाने स्वतःच्या फायद्याचा सल्ला सोडला, पण जात सोडली नाही. बाजार जात ओळखत नाही, पैशाला जात नसते, असे आज आपल्याला ऐकवले जाते. ऐकवणाऱ्यांना या पेढीचा इतिहास सांगावा.

पुढे महाडला या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह परिषद भरायची होती. गावातल्या व्यापाऱ्यांनी परिषदेला सामान विकायला नकार दिला. मंडपाला जागा मिळाली ती एका मुस्लीम गृहस्थाची, आणि हजारो माणसांच्या जेवणाचे धान्य बाहेरून आणून साठवावे लागले. आपण महाडचा लढा पाण्याचा म्हणून आठवतो, ते बरोबरच आहे. पण त्याच महाडात धान्याची नाकेबंदीही झाली होती. तळे एकाचे नव्हते, म्हणून त्यावर सत्याग्रह करता आला. दुकान मालकाचे होते, तिथे काय करणार?

मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. १९३० साली आलेल्या तिच्या अहवालाने सामाजिक बहिष्काराचे वर्णन केले आहे. अस्पृश्यांनी हक्क मागितला की त्यांचे काम बंद, वाट बंद, आणि गावच्या वाण्यालाही सांगितले जाते की यांना जीवनावश्यक वस्तू विकू नकोस. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह जे निवेदन दिले, त्यात हा दाखला घेऊन बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. त्यासाठी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा नमुना त्यांनी पुढे ठेवला. कुणाशी व्यवहार करण्यास, धंदा करण्यास नकार देणे हाही त्यांच्या व्याख्येत बहिष्कारच होता. अन्नधान्याचे दुकान हे शस्त्र आहे, हे बाबासाहेबांनी १९३० सालीच ओळखले होते.

गंगाराम कांबळेंचा चहा

मग आपले दुकान चालले, असा एखादा दाखला आहे का? आहे, आणि तो कोल्हापूरचा आहे. गंगाराम कांबळे हे छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याला शिवल्याच्या कारणावरून तिथल्या सवर्ण नोकरांनी त्यांना मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. गंगारामांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले 'सत्यसुधारक'.

हॉटेल स्वच्छ होते, चहा चांगला होता, तरी कोण येणार? महाराच्या हातचा चहा पिणार कोण? मग महाराज स्वतः त्या हॉटेलापुढे गाडी थांबवू लागले. स्वतः चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही पाजत. राजाने कप तोंडाला लावल्यावर सरदाराला नाही म्हणता येईना. पुढे महाराजांनी गंगारामना सोडा तयार करण्याचे यंत्रही दिले. महाराज गेल्यानंतर १९२५ साली त्यांचे पहिले स्मारक कोल्हापुरात उभे राहिले. ते उभारण्यात हेच गंगाराम कांबळे आणि त्यांचे दलित सहकारी पुढे होते.

ही कथा आपल्या भाषणांत शाहू महाराजांच्या मोठेपणासाठी सांगितली जाते. मोठेपण आहेच. पण आम्हाला त्यातून एक व्यवहारी धडा दिसतो. महाराजांनी गंगारामना भांडवल दिले, तेवढ्याने काम झाले नाही. त्यांना गिऱ्हाईक द्यावे लागले. आज सरकारी योजना येतात त्या कर्ज देतात, अनुदान देतात, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र देतात. गिऱ्हाईक कुणी देत नाही. दुकान कर्जाने उघडते, पण चालते गिऱ्हाइकाने. म्हणूनच आपली कितीतरी दुकाने उद्घाटनाच्या फोटोत चालू असतात आणि कर्जाचे हप्ते सुरू होईपर्यंत बंद पडलेली असतात. मग बँकवाला म्हणतो, या लोकांना धंदा जमत नाही.

दुकानात शिरण्याचा हक्क आणि दुकान चालवण्याचा हक्क

संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा दुकान म्हणजे नेमके काय, असा प्रश्न आला. बाबासाहेबांनी त्याचा अर्थ शक्य तितका रुंद केला. जो कुणी मोबदला घेऊन सेवा द्यायला बसला आहे, त्याची जागा म्हणजे दुकान. न्हाव्याचे दुकान त्यात आले, धोब्याचे आले. १९५५ च्या कायद्याने दुकानात प्रवेश नाकारणे आणि अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकायला नकार देणे हे गुन्हे ठरले. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन सामाजिक आणि आर्थिक बहिष्कारही त्यात आला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे.

हे सगळे लढून मिळालेले आहे. ते अपुरे अमलात आले, हेही खरे. घनश्याम शहा, सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी केली आणि ती २००६ साली ग्रंथरूपाने आली. त्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गावांत दलितांना दुकानात सरळ प्रवेश नव्हता. आणि ज्या गावांत दूध सहकारी संस्था होत्या, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या गावांत दलितांचे दूध घेतले जात नव्हते.

या दोन आकड्यांत फरक आहे. पहिला आकडा खरेदीदार म्हणून आपल्याला अडवल्याचा आहे, दुसरा विक्रेता म्हणून. कायद्याने पहिल्या बाबतीत आपल्या हातात हत्यार दिले. कुणी दुकानात घेतले नाही तर तक्रार करता येते. पण आपल्या दुकानात कुणी आलेच नाही, तर तक्रार कुणाविरुद्ध करायची? प्रत्येक गिऱ्हाईक म्हणणार, माझ्या मर्जीचा प्रश्न आहे, मला पुढचे दुकान जवळ पडते. गावाने सभा घेऊन ठराव केला तर तो बहिष्कार. ठराव न करता सगळ्यांनी आपापल्या घरी ठरवले तर ती सवय. आजची जात ठराव करत नाही, ती फक्त आडनाव विचारते. भाजी घ्यायला वाकलेली बाई आधी भाव विचारते, मग गाव, मग हळूच विचारते, "कुणाच्या गं तुम्ही?" उत्तर ऐकून जुडी परत पाटीत पडते. या क्षणासाठी कोणतेही कलम नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, गिऱ्हाईक म्हणून दुकानात शिरण्याचा लढा आपण बराचसा लढलो. गल्ल्यामागे बसण्याचा लढा अजून नीट सुरूही केलेला नाही. तो न्यायालयात जिंकता येणारही नाही. तो संघटनेनेच जिंकावा लागेल.

मेम्फिसचे किराणा दुकान

बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले होते. अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा प्रश्न आणि आपला प्रश्न यांतले साम्य त्यांना जाणवत होते. त्या इतिहासातले एक पान आपल्या विषयाचे आहे. मेम्फिस शहरात १८८९ साली काळ्या लोकांनी भागीदारीत 'पीपल्स ग्रोसरी' नावाचे किराणा दुकान काढले. ते चालवणाऱ्यांत प्रमुख होते थॉमस मॉस. दुकान चांगले चालले. तोपर्यंत त्या वस्तीत एका गोऱ्या दुकानदाराचीच मक्तेदारी होती. त्याची गिऱ्हाइके कमी झाली. भांडण उकरून काढले गेले, अटका झाल्या, आणि ९ मार्च १८९२ रोजी जमावाने मॉस आणि त्यांच्या दोन साथीदारांना तुरुंगातून बाहेर काढून ठार मारले. मॉस यांची मैत्रीण असलेल्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी त्यानंतर लिंचिंगविरुद्ध आयुष्यभराचा लढा उभा केला. त्यांनी दाखवून दिले की अशा हत्यांमागे चारित्र्याची जी कारणे सांगितली जातात ती खोटी असतात. काळा माणूस आर्थिकदृष्ट्या उभा राहिला, हाच बहुतेकदा त्याचा खरा गुन्हा असतो.

आपल्याकडे १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात घरे जळाली, तेव्हा कुणाची घरे आधी जळाली? ज्यांनी शिकून, नोकरी करून, थोडे उभे राहून मान वर केली होती त्यांची. दुबळ्या दलिताची दया येते, उभ्या राहिलेल्या दलिताचा राग येतो. दुकान म्हणजे तर रस्त्यावर, सर्वांच्या डोळ्यांपुढे उभे राहणे. पाटीवर काय लिहायचे हा प्रश्न म्हणूनच साधा नाही. नाव लपवणाऱ्या आपल्या माणसाला आम्ही भित्रा म्हणणार नाही. त्याने लावलेल्या प्रत्येक रुपयामागे त्याच्या आईने तोडलेला ऊस आहे.

आधी जमीन, मग दुकान

स्थानिक पिकवलेले विकायचे तर आधी पिकवायला जमीन हवी. याचा इतिहास तर आपल्या तालुक्यातच आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५३ साली मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह केला. ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर झालेल्या सत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात गेली. तोच धागा पुढे धारूर तालुक्यातल्या तेलगावातून एकनाथ आवाड यांनी पकडला. पोतराजाच्या पोटी जन्मलेला हा माणूस, सगळ्यांचा जीजा, १९८५ साली ग्रामीण विकास केंद्र आणि १९९० साली मानवी हक्क अभियान घेऊन उभा राहिला. मांग, महार, पारधी, भटके अशा सगळ्यांना गायरान जमिनी कसायला त्यांनी बळ दिले. पुढे त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. २५ मे २०१५ रोजी ते गेले.

२८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायची ठरली. तारीख पाहा, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस. पण सातबारावर नाव चढवताना किती दमछाक झाली आणि अजूनही होते आहे, हे कसणाऱ्यांना विचारा. उभ्या पिकात जनावरे सोडली गेली, वाटा अडवल्या गेल्या. तरी खडकाळ, उताराच्या त्या जमिनीतून आपल्या बायांनी बाजरी, तूर, मूग काढले. बलुत्यात मिळत होते तेच धान्य, पण या वेळी ते मागून आणलेले नव्हते.

मग हे धान्य गेले कुठे? इथे आपल्याला स्वतःकडेही पाहावे लागेल. पेरणीच्या वेळी बी, खत, मीठ-मिरची उधारीवर आणली ती बाजारपेठेतल्या दुकानातून. सुगीला धान्य गेले त्याच दुकानदाराच्या आडतीवर, तो म्हणेल त्या भावात, उधारी फेडायला. उन्हाळ्यात खायला ज्वारी विकत आणली ती पुन्हा तिथूनच, वाढलेल्या भावात. उधारीची वही एका बाजूने माल देते आणि दुसऱ्या बाजूने पीक ओढून घेते. जमीन आपल्या नावावर आली तरी पिकाचा मालक वहीच राहिली.

आणि म्हणूनच आपल्या मुलाचे दुकान आपल्याच वस्तीत चालत नाही. वस्तीवरचे लोक समाजाशी बेइमान आहेत असे भाषणात सांगणे सोपे आहे. खरे कारण असे की जुन्या दुकानदाराची उधारी फिटलेली नसते, आणि नव्या दुकानात उधारी द्यायला भांडवल नसते. ज्याची वही त्याचे गिऱ्हाईक.

झहीराबादच्या बायांनी काय केले

या वहीतून बाहेर पडण्याचा एक मार्ग फार लांब नाही. पूर्वीच्या निजाम राज्यातच, आजच्या तेलंगणातल्या झहीराबाद भागात, १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या सोबतीने दलित बायांचे संघम उभे राहिले. सुमारे ७५ गावे, सुमारे ५ हजार बाया. बहुतेक अल्पभूधारक, जमीन आपल्यासारखीच हलकी. त्यांनी पडीक जमीन कसायला बायांना आगाऊ मदत दिली आणि तिची परतफेड पैशात न घेता ज्वारीत घेतली. ती ज्वारी गावातच साठवली आणि गावातल्याच गरिबांना स्वस्तात दिली. कुणाला किती द्यायची हे बायांनीच ठरवले. बियाणे घरात जपले. झहीराबादमध्ये स्वतःच्या मालाचे दुकान काढले. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार त्यांना मिळाला.

त्यांनी दुकान शेवटी काढले, हे लक्षात घ्या. आधी बियाणे, मग उधारी, मग कोठार, मग दुकान. आपण उलटे करतो. आधी पाटी रंगवतो, पाहुणे बोलावतो, फीत कापतो. मागे कोठार नसते.

मग आपण काय करायचे?

दोन टोकाची मते आपल्यात ऐकू येतात. एक म्हणते, आता उद्योजक व्हा, नोकऱ्या मागू नका, देणारे व्हा, बाजार सगळ्यांना मुक्त करतो. बाबासाहेबांची पेढी का बंद पडली, याचे उत्तर या मताकडे नाही. दुसरे मत म्हणते, दुकानदारी म्हणजे भांडवलशाही, कार्यकर्त्याने त्यात पडू नये. या मताला आम्ही एवढेच विचारतो की आपली चळवळ महिन्याचा किराणा कुणाकडून भरते, आणि बहिष्कार पडला त्या दिवशी तो कुठून भरणार आहे?

दुकान हा आपला पूर्वीपासूनचा परका प्रदेश आहे, असे समजण्याचेही कारण नाही. तथागतांचे पहिले दोन उपासक, तपस्सु आणि भल्लिक, वाटेने निघालेले व्यापारीच होते. जुन्नरच्या लेण्यांतल्या एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. एकेकट्या व्यापाऱ्याचे नव्हे, श्रेणीचे दान. धम्मात सम्यक आजीव हे मार्गाचे एक अंग आहे. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहे : एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्यात, एक भाग अडीअडचणीला. नवे दुकान टाकणाऱ्याने हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

त्या मुलांना आम्ही जे सांगितले, तेच इथे सांगतो. पहिली गोष्ट, एकट्याने दुकान काढू नका. वस्तीतले बचत गट आणि गायरान कसणाऱ्या बाया यांना आधी एकत्र करा. सुगीला त्यांचे धान्य आडतीवर जाण्याआधी थोडे तरी विकत घ्या आणि गावातच साठवा. उन्हाळ्यात त्यांनाच रास्त भावात द्या. पहिले वर्ष एवढेच झाले तरी खूप झाले. दुसरी गोष्ट, उधारीचा प्रश्न टाळू नका. गटाच्या बचतीतून मर्यादित उधारी द्या, तिचा हिशेब दर महिन्याला बैठकीत मोठ्याने वाचा. तिसरी, सीताफळ दोन-तीन दिवसांत मऊ पडते. व्यापारी त्या घाईवरच कमावतो. अन्नप्रक्रियेच्या केंद्र सरकारच्या योजनेत बीड जिल्ह्याचे उत्पादन म्हणून सीताफळच निवडलेले आहे. गर काढून साठवण्याचे युनिट बायांच्या गटाच्या नावे मागा.

चौथी मागणी सरकारकडे आहे, आणि ती चळवळीने हाती घ्यायला हवी. शाहू महाराज गंगारामांचे गिऱ्हाईक झाले. आज राजा नाही, प्रजासत्ताक आहे. मग प्रजासत्ताकाने गिऱ्हाईक व्हावे. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून ४ टक्के खरेदीची तरतूद आहे. ती केंद्राची मंत्रालये आणि कंपन्यांपुरती आहे. समाजकल्याणची वसतिगृहे, निवासी शाळा, अंगणवाड्या, शाळेतला पोषण आहार, यांना लागणारी ज्वारी, डाळ, भाजी त्याच तालुक्यातल्या दलित-आदिवासी बायांच्या गटांकडून घेतली, तर तालुक्यातालुक्यात एक 'सत्यसुधारक' उभे राहील. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. आपल्या आज्यांनी जी भाकरी नाइलाजाने खाल्ली, ती आता शहरात आरोग्याचा आहार म्हणून चढ्या भावाने विकली जाते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' मध्ये मराठवाड्यातल्या दलितांच्या अन्नाचा इतिहास लिहून ठेवला आहे. त्या अन्नाला आज भाव आला आहे, आणि नेमक्या याच वेळी आपण गल्ल्यामागे नसू तर हा भावही दुसऱ्याच्याच खिशात जाईल.

राहिला पाटीचा प्रश्न. मुलांना आम्ही उत्तर दिले नाही. कोठार आधी भरा, मग पाटी रंगवू, एवढेच म्हणालो. ज्या दुकानामागे पन्नास बायांचे धान्य असेल आणि शंभर घरांची वही असेल, त्या दुकानाला नाव लपवावे लागणार नाही. एकट्याच्या दुकानावर लिहिलेले जयभीम हे धाडस असते. पन्नास जणींच्या दुकानावर लिहिलेले जयभीम हा पत्ता असतो.

या हंगामात घाटातून जाल तेव्हा सीताफळाची पाटी घेऊन बसलेल्या बाईजवळ थांबा. भाव पाडू नका. आडनाव विचारू नका. आणि मोबाईलवर गट करण्याआधी तिच्यासारख्या दहा जणींची एक बैठक आपल्या विहारात लावा.

जयभीम. नमो बुद्धाय.